पजेरोची पुढची चाकं लागत नाहीत? आधी नळ्या बघा, पेटी नंतर

प्रश्न : गेल्या दिवाळीत २००८ची पजेरो एसएफएक्स सेकंडहँड घेतली. इंजिन उत्तम आहे. पण लिव्हर फोर-एचमध्ये टाकला की डॅशबोर्डवरच्या चित्रातले पुढच्या चाकांचे हिरवे दिवे नुसते लुकलुकत राहतात, स्थिर होत नाहीत. या पावसाळ्यात बागेच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, पुढची ढिम्म हलली नाहीत. एकदा फोर-एचएलसी लावून डांबरी घाट चढलो, तर नंतर मधला नारिंगी दिवा लुकलुकतच राहिला आणि वळणावर गाडी अडखळायला लागली. इथले मेकॅनिक म्हणतात ट्रान्स्फर केस गेली. एक तर जुनी केस आणून बसवा, नाहीतर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून गाडी कायमची टू-व्हील करून टाका. काय करू? – एक वाचक, दापोली

उत्तर : सध्या दोन्ही करू नका. तुम्ही लिहिलंय त्यात दोन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि दोन्ही ट्रान्स्फर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) बाहेर सापडण्याची शक्यता खूप मोठी आहे. पेटी उघडणं हे या कामातलं शेवटचं पाऊल. त्याआधी थोडी रबरी नळी, एक मोठी सिरिंज, एक मल्टिमीटर आणि एक मोकळी दुपार एवढ्यावर बहुतेक गोष्टी स्पष्ट होतात.

पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढण्याच्या सल्ल्याबद्दल आधीच सांगतो, कारण त्यात नुकसान आहे. तुमच्या गाडीतली यंत्रणा म्हणजे सुपर सिलेक्ट. तिच्या लिव्हरचे चार टप्पे : टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं, फोर-एच म्हणजे चारही, फोर-एचएलसी म्हणजे चारही आणि मधलं डिफरन्शियल जखडलेलं, फोर-एलएलसी म्हणजे तेच पण लो गिअरमध्ये. १९९१ साली दुसऱ्या पिढीच्या पजेरोबरोबर ती आली आणि आपल्याकडची एसएफएक्स त्याच पिढीची आहे. साध्या फोर बाय फोर गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना थेट जखडले जातात. सुपर सिलेक्टच्या फोर-एचमध्ये मात्र दोघांच्या मध्ये एक सेंटर डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आणि त्याला आवर घालणारं व्हिस्कस कपलिंग असतं. म्हणूनच ही गाडी फोर-एचमध्ये डांबरी रस्त्यावरही चालवता येते. आता पुढचा शाफ्ट काढलात आणि कधी चुकून लिव्हर फोर-एचमध्ये गेला, तर डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या टोकाकडे सोडू पाहतं. गाडी पुढे ढकलायचा सगळा भार एकट्या व्हिस्कस कपलिंगवर येतो. ते तापतं आणि निकामी होतं. तुमच्या गाडीत पुढचा अॅक्सल लागत नसताना फोर-एच वापरलं तरी नेमकं हेच घडतं. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत लिव्हर टू-एचमध्येच ठेवा. पुढचे दिवे लुकलुकत असताना फोर-एचमध्ये मैलोन्मैल चालवू नका.

पुढची चाकं लागायला दोन गोष्टी व्हाव्या लागतात. पहिली ट्रान्स्फर केसमध्ये होते : तुम्ही लिव्हर ओढता, आतला फोर्क सरकतो आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरायला लागतो. हे पूर्ण यांत्रिक आहे आणि सहसा बिघडत नाही. दुसरी गोष्ट पुढच्या डिफरन्शियलपाशी होते. तिथे एका बाजूचा अॅक्सल शाफ्ट दोन तुकड्यांत आहे आणि एक सरकती स्लीव्ह ते तुकडे जोडते किंवा सोडते. याला फ्री-व्हील क्लच म्हणतात. टू-एचमध्ये तो सुटलेला असतो, म्हणजे पुढचा शाफ्ट आणि क्राऊन (डिफरन्शियलमधला मोठा गिअर) उगाच फिरत नाहीत. ही स्लीव्ह सरकवतं व्हॅक्यूम. इंजिनावरच्या पंपाचं व्हॅक्यूम नळीतून दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या) व्हॉल्व्हपर्यंत येतं, तिथून दोन नळ्यांनी गाडीखाली डिफरन्शियलला चिकटलेल्या अॅक्च्युएटरकडे जातं. अॅक्च्युएटरच्या आत डायाफ्राम (रबरी पडदा) आहे. एका नळीतून ओढ आली की स्लीव्ह लागते, दुसरीतून आली की सुटते. लागली की तिथला छोटा स्विच तसं कळवतो आणि मगच हिरवे दिवे स्थिर होतात.

म्हणजे दिवे लुकलुकत राहिले की त्याचा अर्थ एवढाच : लिव्हरने आपलं काम केलं, पण स्लीव्ह लागल्याची खबर वर आली नाही. एक तर स्लीव्ह खरोखरच सरकली नाही, किंवा सरकली पण स्विच सांगत नाही. चढावर पुढची चाकं हलली नाहीत असं तुम्ही म्हणता, त्यावरून तुमच्या बाबतीत पहिलंच. तरी खात्री करून घ्यायला एक पक्की चाचणी आहे.

गाडी सपाट जागी घ्या. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, लिव्हर टू-एच, हँडब्रेक घट्ट, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. आता एक पुढचं चाक हाताने फिरवा आणि समोरच्याकडे लक्ष ठेवा. स्लीव्ह सुटलेली असेल तर समोरचं चाक स्वस्थ राहतं. लागलेली असेल तर ते उलट दिशेने फिरायला लागतं. ही चाचणी नीट समजून घ्या, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर तीच लागणार आहे.

आता अॅक्च्युएटर. त्याच्या दोन्ही नळ्यांवर वेगवेगळ्या रंगाची टेप लावून खूण करा आणि मगच काढा. अदलाबदल झाली तर फोर-एचमध्ये सुटेल आणि टू-एचमध्ये लागेल, आणि बिघाड शोधता शोधता दिवस जाईल. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर उत्तम. नसेल तर औषधांच्या दुकानातून ५० किंवा ६० मिलीची सिरिंज आणा आणि तिच्या तोंडाला नळीचा घट्ट बसणारा तुकडा जोडा. एका निपलला लावून दट्ट्या ओढा आणि तसाच धरून ठेवा. रॉड सरकलेला डोळ्यांना दिसायला हवा. मिनिटभराने दट्ट्या सोडल्यावर तो झपकन आत ओढला गेला, तर व्हॅक्यूम टिकलं, डायाफ्राम शाबूत आहे. जागच्या जागी लोंबकळत राहिला, तर डायाफ्राम फाटला. मग दुसऱ्या निपलवर हेच करा. ओढल्यावर चाकाची चाचणी घ्या. स्लीव्हचे दाते समोरासमोर आले नसतील तर ती अडते, म्हणून व्हॅक्यूम धरून ठेवूनच चाक थोडं पुढे-मागे हलवा, ‘खट्’ करून बसेल.

इथे तीन निकाल निघू शकतात. स्लीव्ह नीट लागते-सुटते : मग अॅक्सल आणि अॅक्च्युएटर दोन्ही ठणठणीत, बिघाड वरच्या नळ्यांत किंवा विजेत. व्हॅक्यूम टिकतं पण रॉड हलत नाही : रॉड जाम आहे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे नेहमी दिसतं. रॉडवरचं रबरी बूट फाटलेलं असतं, आत चिखल आणि खारट पाणी जाऊन गंज धरलेला असतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी रॉड हाताने पुढे-मागे करा, मोकळा झाला की ग्रीस आणि नवीन बूट. पक्कड लावून जोराने ओढू नका, वाकलेला रॉड पुन्हा सरळ सरकत नाही. तिसरा निकाल म्हणजे व्हॅक्यूमच टिकत नाही. मग अॅक्च्युएटर बदलावा लागेल. तो पूर्ण नग म्हणून मिळतो.

माझा अंदाज विचाराल तर अॅक्च्युएटर चांगला निघेल आणि दोष नळ्यांत सापडेल. २००८च्या गाडीची मूळ नळी आता आपलं आयुष्य संपवून बसलेली असते. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं, आणि पहिली चीर पडते ती निपलवर चढवलेल्या शेवटच्या सेंटिमीटरभर भागात, कारण तिथे रबर ताणलेलं असतं. ही चीर नुसतं बघून दिसत नाही. टोक दोन बोटांत धरून वाकवलं की उघडते. त्याशिवाय उंदीर कुरतडतात, आणि आधीच्या मालकाच्या कुणा मेकॅनिकने बॉनेटखाली दुसरं काम करताना नळी काढून परत लावलेलीच नसते, हेही पुष्कळदा आढळतं. पंपापासून अॅक्च्युएटरपर्यंत सगळा मार्ग हाताने चाचपत जा. मध्ये एक वन-वे व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम साठवणारी छोटी टाकी आहे, त्यांचेही जोड बघा. वन-वे व्हॉल्व्हमधून फुंकर एकाच दिशेने जायला हवी.

एखाद-दुसरं टोक चिरलं असेल आणि नळीला ढील असेल तर सेंटिमीटरभर कापून परत चढवली की काम होतं. पण एक नळी गेली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, म्हणून मी सगळ्याच बदलायला सांगेन. बहुतेक ठिकाणी चार मिमी आतल्या व्यासाची नळी लागते. जुना तुकडा नमुन्याला घेऊन जा आणि जाड भिंतीची सिलिकॉन व्हॅक्यूम नळी मागा. पेट्रोल पंपाबाहेर मिळणारी पातळ पारदर्शक प्लॅस्टिक नळी घेऊ नका, ती उष्णतेने मऊ पडते आणि व्हॅक्यूमने आतून चिकटून बंद होते. चार-पाच मीटर पुरते. गाडीखालच्या भागात लोखंडी पाइप आहेत, त्यांना गंजाने भोक पडलंय का ते सिरिंजनेच तपासा : एक टोक बोटाने बंद, दुसऱ्याकडून ओढ.

याच पंपावर ब्रेक बूस्टरही चालतो. अलीकडे ब्रेकचं पेडल कडक लागत असेल, जास्त जोर द्यावा लागत असेल, तर ती गळती मोठी आहे आणि मग हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

नळ्या चांगल्या निघाल्या तर सोलेनॉइड. इंजिनच्या बाजूच्या पत्र्यावर दोन सारखेच छोटे व्हॉल्व्ह आणि त्यांना नळ्या, ते हेच. कनेक्टर काढून प्रत्येकाच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. दोन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा मीटरवर काहीच आकडा येत नसेल तर त्याची कॉइल तुटली आहे. मग बॅटरीवरून वायर घेऊन एकेकाला १२ व्होल्ट द्या. ‘टक्’ असा आवाज यायला हवा आणि नळीतून फुंकल्यावर हवेचा मार्ग बदलायला हवा. टक् होतं पण मार्ग बदलत नाही, तर आत कचरा अडकलाय. ब्रेक क्लीनर मारून दहा-वीस वेळा चालू-बंद केलं की बऱ्याचदा सुटतो.

व्हॉल्व्ह चांगले आहेत, पण इंजिन चालू ठेवून लिव्हर फोर-एचमध्ये टाकल्यावर कनेक्टरपाशी १२ व्होल्ट पोचत नाहीत, असं निघालं तर मागे ट्रान्स्फर केसकडे या. तिच्या अंगावर पाण्यापासून बंद केलेले काही स्विच बसवलेले असतात : टू-व्हील की फोर-व्हील, सेंटर लॉक, हाय की लो. लिव्हर कुठे आहे हे कंट्रोल युनिटला यांच्याकडूनच कळतं. स्विचने ‘फोर-व्हील लागलं’ असं सांगितलंच नाही, तर वरून सोलेनॉइडला वीजच सुटत नाही. कनेक्टर उघडा, आत हिरवट भुकटी दिसेल. ती साफ करून इलेक्ट्रिक कनेक्टरचं ग्रीस लावा. स्विच तपासायचा तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून त्याचं टोक अंगठ्याने दाबा-सोडा, दर वेळी मीटरने ठळक बदल दाखवायला हवा. स्विच काढताना खाली एक पोलादी गोळी असू शकते, ती आत पडू देऊ नका, चुंबकाच्या काडीने उचलून बाजूला ठेवा. परत बसवताना वॉशर नवीन. पुढच्या डिफरन्शियलवरचा फ्री-व्हीलचा स्विचही याच जातीचा आहे आणि दगड-पाण्याच्या सर्वांत जवळ असल्याने त्याची वायर सर्वांत आधी जाते.

कंट्रोल युनिट क्वचितच जातं. कुणी पहिल्याच दिवशी ते बदलायला सांगितलं तर थांबा.

आता तुमचा नारिंगी दिवा. हा सेंटर डिफरन्शियलच्या लॉकचा. फोर-एचएलसीमध्ये ते डिफरन्शियल जखडलं जातं आणि पुढचे-मागचे शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. त्या पिळाखाली लॉकची स्लीव्ह दात्यांत आवळून बसते, लिव्हर परत आणला तरी सुटत नाही, आणि दिवा लुकलुकत राहतो. वळणावर गाडी अडखळते ती त्याच पिळाने. तुमच्या पुढच्या अॅक्सलची स्लीव्ह लागत नसेल तर हा पीळ साठायला नको होता. तरीही वळणावर अडखळली, याचा अर्थ त्या दिवशी फ्री-व्हील लागलं असणार. म्हणजे ते कायमचं मेलेलं नाही, कधी लागतं, कधी नाही. चिरलेली नळी अगदी असंच वागते. इंजिन जोरात फिरत असलं की पंप गळती कशीबशी भरून काढतो, मंद फिरताना नाही.

पीळ सोडवायची रीत सोपी आहे. लिव्हर टू-एचमध्ये ठेवा, स्टिअरिंग सरळ करा आणि मोकळ्या जागेत २०-३० मीटर सावकाश रिव्हर्स घ्या, मग तेवढंच पुढे. नाही सुटलं तर एक बाजूची चाकं कच्च्या रस्त्यावर, मुरुमावर किंवा ओल्या गवतावर उतरवून हेच करा. ‘टण्’ असा आवाज होऊन लिव्हर एकदम हलका लागतो. अडकलेल्या लिव्हरला दोन्ही हातांनी हिसके देऊ नका, फोर्क वाकतो, आणि मग मात्र पेटी उघडावीच लागते. रिव्हर्सनेही नाहीच सुटलं तर मागचं एक चाक जॅकने जमिनीपासून सुटेल इतकं उचला (बाकीच्या चाकांना अडकण, इंजिन बंद). पीळ असेल तर उचललेलं चाक स्वतःहून थोडं फिरेल, म्हणून हात-पाय लांब ठेवा.

पीळ गेला, वळणं मऊ झाली, तरी दिवा लुकलुकतोच, तर दोष सेंटर लॉकच्या स्विचचा. तो वर सांगितला तसाच तपासा. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत ना, हेही बघा. सेकंडहँड गाडीत पुढे नवीन आणि मागे गुळगुळीत टायर असले की फोर-एचएलसीमध्ये सरळ रस्त्यावरही पीळ साठत राहतो.

तेल बदलल्याशिवाय गाडी परत रस्त्यावर काढू नका. पुढच्या डिफरन्शियलमध्ये साधारण सव्वा लिटर ८०-९० हायपॉइड, जीएल-५ दर्जाचं. ट्रान्स्फर केसमध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑईल, तीन लिटर आणून ठेवा, थोडं उरेल. आधी भरायचा नट उघडा, मग सांडायचा. भरायचाच नट गंजून अडकला आणि खालून तेल सगळं काढून टाकलेलं असलं, तर गाडी तिथेच उभी राहते. तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की पुरे. जुनं तेल पांढऱ्या भांड्यात घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी बघा. चुंबकाला काळी मऊ पेस्ट चिकटलेली असणं साधं आहे. नखाएवढे चकचकीत तुकडे किंवा दात्याचा कपचा सापडला तर नाही.

ट्रान्स्फर केस उघडायची ती एवढ्याच कारणांसाठी : असे तुकडे सापडले, फोर-एलएलसीमध्ये जोर दिला की लिव्हर स्वतःहून उडून बाहेर येतो, किंवा टू-एचमध्येही सतत खरखर येते. यांपैकी तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

तोवर बागेत अडकायची वेळ आली तर एक तात्पुरता उपाय आहे. सोलेनॉइडकडे येणारी व्हॅक्यूमची नळी काढून ती थेट अॅक्च्युएटरच्या ‘लागणाऱ्या’ निपलकडे जाणाऱ्या नळीला जोडा आणि अॅक्च्युएटरच्या दुसऱ्या निपलची नळी मोकळी सोडा. कुठलं निपल ‘लागणारं’ ते सिरिंजच्या चाचणीत तुम्हाला कळलेलं असेलच. पुढचा अॅक्सल सतत लागलेला राहील, टू-एचमध्ये शाफ्ट उगाच फिरेल, डिझेल थोडं जास्त जाईल, टू-एचमध्येही दिवे लुकलुकतील. गाडीला इजा काही नाही, आणि फोर-एच पूर्ण ताकदीने चालेल. उलट दिशेने, म्हणजे नळी ‘सुटणाऱ्या’ बाजूला जोडून फोर-एच वापरू नका, व्हिस्कस कपलिंगचं आधी सांगितलंय.

दुरुस्त झाल्यावर महिन्यातून एकदा १५-२० किलोमीटर फोर-एचमध्ये चालवा. सुपर सिलेक्टमध्ये हे डांबरावर निर्धास्त करता येतं, आणि १०० किलोमीटर वेगाच्या आत असाल तर टू-एचमधून फोर-एचमध्ये जायला थांबावंही लागत नाही. स्टिअरिंग सरळ ठेवायचं आणि पाय क्षणभर उचलायचा. फोर-एलएलसीसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबूनच.

आधी चाकाची आणि सिरिंजची चाचणी करा आणि निकाल कळवा : व्हॅक्यूम टिकलं का, रॉड हलला का, समोरचं चाक उलट फिरलं का. तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली आणि नळ्या बदलूनही दिवे लुकलुकत राहिले, तर सोलेनॉइडच्या कनेक्टरवर फोर-एचमध्ये किती व्होल्ट येतात तेही लिहा, म्हणजे वायरिंगवाल्याला नेमकं कुठे पाठवायचं ते सांगता येईल.